पंखाच्या पलीकडे आई

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या अंधेरीत दुपारी तीनच्या सुमारास वारा कूस बदलतो. सकाळभर पान हलत नाही. अंग चिकट, डोकं जड. मग जेवणं आटोपून भांडी पालथी पडतात न पडतात तोच पश्चिमेकडून पहिली झुळूक येते, खिडकीचा पडदा फुगतो आणि आतलं दार धाडकन आपटतं. सून स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, दाराला काहीतरी अडकवा ना!" तिचं बरोबरच आहे. पण मी चटकन उठत नाही. वारा कुठून येतोय, किती तिरका येतोय, याचा अंदाज घेत बसते. ऐंशीची बाई पडद्याकडे टक लावून बसलेली पाहून घरच्यांना काय वाटत असेल ते असो. या वाऱ्यानं एकदा माझ्या हातून विमान हिसकावून घेतलं होतं.

हो, विमानच. छप्पन-सत्तावन्न साल असेल. मी बावीस वर्षांची, अंधेरीतच एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. जुहूच्या छोट्या विमानतळावर एक फ्लाइंग क्लब होता. तरुण मुलामुलींना तिथे सवलतीत विमान चालवायला शिकवणार, अशी जाहिरात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचून दाखवली. अगदी सहज, जशी ते सोन्याचांदीची बातमी वाचून दाखवत. अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी जन्मात केलेलं सर्वांत मोठं धाडस म्हणजे एकदा साहेबाला न सांगता दुपारी क्रिकेटची मॅच बघायला जाणं. मी म्हटलं, "अण्णा, मी जाऊ?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना काही सुचलंच नाही बहुतेक. चार दिवसांनी मी फॉर्म आणला, त्यावर त्यांनी सही केली.

आईला दोघांनीही विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, आणि पुढेही विमानाचा विषय निघाला की उठून आत जायची. रागावली असती तर मी भांडले असते. तिच्या गप्प बसण्याशी भांडणार कसं? डबा मात्र रोज भरून द्यायची. त्यात पोळीच्या घड्या इतक्या सारख्या असायच्या की फूटपट्टी लावून बघावी. आईच्या हातचं सगळं तसंच, नेटकं. घरातले पडदे, उशांचे अभ्रे, माझे ब्लाउज, अण्णांचे पायजमे सगळे तिच्या मशीनवर शिवलेले. शेजारणी म्हणायच्या, कापड विरेल पण हिची शिवण उसवायची नाही.

त्या दिवसांतल्या सकाळी अजून नाकात आहेत. पहाट फुटता फुटता मी सायकल काढायची. इर्ल्याच्या नाल्यावरून पुढे गेलं की ताडांच्या रांगा लागत आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू होई. मग एकदम मोकळं मैदान, त्यातून उत्तर-दक्षिण गेलेली धावपट्टी, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये एकाला एक लागून उभी असलेली विमानं. विमान म्हणजे तरी काय, लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि एकामागे एक दोन उघड्या जागा. शिकवणारा पुढे, शिकणारा मागे. पुढच्या बाजूला दोन चाकं, शेपटाखाली एक इवलंसं चाक. जमिनीवर ते नाक वर करून बसलेलं असे, आणि मागच्या जागेवरून समोरचं काही म्हणजे काही दिसत नसे.

शेडमध्ये सगळ्यांत आधी भेटायचा हिराजी. खारदांड्याचा कोळी, पन्नाशीचा, लढाईच्या काळापासून इथे फिटर. लाकडी पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करणं, फाटलेलं कापड शिवणं, तारा आवळणं हे सगळं तोच करायचा. मला तो 'बाय' म्हणायचा. शिकवायला होते कॅप्टन सामंत. मूळचे मालवणचे, एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांचं पारा चढल्याचं लक्षण एकच, मालवणी सुरू व्हायची.

सकाळची हवा गुळगुळीत असते. तव्यावरच्या तुपासारखं विमान त्यात घसरत जायचं. डावीकडे समुद्र, उजवीकडे भातखाचरांचे सुकलेले तुकडे, त्यापलीकडे आमची अंधेरी, कौलं आणि नारळ. सामंतसाहेबांनी मला एकटीला सोडलं त्याला महिना झाला होता. दहा-बारा वेळा मी एकटी वर जाऊन सुखरूप उतरले होते. मला सगळं येतं असं मला वाटू लागलं होतं. वर्गातल्या मुलीसुद्धा माझ्याकडे तशाच नजरेनं बघायच्या, म्हणजे चूक सगळी माझीच नव्हती असं म्हणायला हरकत नाही.

मग शाळेची वार्षिक परीक्षा आली. रोज सकाळी वर्गावर देखरेख. उडायला जाणार कधी? दुपारी. सामंतसाहेब म्हणाले, "दुपारचा वारा वेगळा असतो. माझ्याबरोबर दोनदा ये, मग एकटी जा." एकदा गेले त्यांच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी ते कुठल्याशा कामात अडकले होते आणि मी म्हटलं, "सर, कालच्यासारखाच आहे वारा. जाऊ?" त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

वर काहीच झालं नाही. उतरायला लागले तेव्हा समुद्र डाव्या हाताला, वारा तिथूनच, सरळ कुशीत. शिकवल्याप्रमाणे डावा पंख जरा खाली धरला, उजव्या पायानं दांडी दाबून नाक सरळ ठेवलं. पायाखाली ती आडवी दांडी असते. उजवा पाय दाबला की नाक उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. चाकं टेकली. इतकी हलकी टेकली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शेपूट खाली आलं. झालं, उतरले.

आणि नाक डावीकडे, समुद्राकडे वळायला लागलं.

आधी अगदी हळू. कुणी आपल्याला हाक मारावी आणि आपण मान वळवावी तसं. मी उजवा पाय दाबला, पण तोवर उशीर झाला होता. असं विमान एकदा वळायला लागलं की शेपूट नाकाच्या पुढे जायला बघतं, आणि जितकं वळतं तितकं जास्त वळतं. पाय दाबूनही काही होत नाही, हातातला चालवायचा दांडा मेल्यासारखा सैल, आणि मैदान, शेड, ताड, समुद्र सगळं डोळ्यांसमोरून कडेकडेनं पळतंय. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. उजवा पंख जमिनीला लागल्याचा आवाज आठवतो. सुकी फांदी मोडावी तसा, पण लांबत गेलेला. मग कपाळ समोरच्या कडेवर आपटलं, आणि एकदम शांत. इंजिन बंद पडलं होतं. कुठूनतरी पेट्रोलचा वास येत होता. मला कमरेचा पट्टा सोडायचा होता आणि बोटं ऐकत नव्हती.

पहिला पोचला तो हिराजी. "बाय, नुको थरथरू. मी सोरतो पट्टा." त्यानं मला धरून बाहेर काढलं. मी त्या पंखाकडे पाहिलं. लाकडाच्या बरगड्या मोडून कापडातून बाहेर आल्या होत्या. मला रडू फुटलं.

"पंख मोरलाय," हिराजी म्हणाला, "मानूस नाय."

सामंतसाहेब धावत आले. धापा टाकत त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "पाय खंय होते तुझे?" मग त्यांचं लक्ष माझ्या कपाळातून येणाऱ्या रक्ताकडे गेलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तो दाबून धरला, आणि तसाच बराच वेळ धरून उभे राहिले. 

"झोत जोराचा होता सर," मी म्हणाले.

घरी अण्णा गॅलरीत येरझारा घालत राहिले. "मी सही करायला नको होती," एवढंच पुन्हा पुन्हा. आई माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती म्हणाली, "सही झाली ती झाली." बस्स. पुढे काहीतरी येईल म्हणून मी वाट बघत राहिले, पण तिनं कापसाचा बोळा उचलला आणि आत निघून गेली.

पुढचे कित्येक दिवस माझा उजवा पाय माझ्या ताब्यात नव्हता. फळ्यासमोर उभी असले की तो आपोआप जमिनीत रुतायचा. बसथांब्यावर, देवळात, पाटावर जेवायला बसल्यावरसुद्धा. इतकी वर्षं झाली, पण पायांना विसरायला जमलेलं नाही. परवा गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला येते ती मुलगी म्हणाली, "आजी, उजव्या पायात केवढा जोर आहे हो अजून तुमच्या! खेळायचात का काही?" तिला म्हटलं, "हो, खेळायचे थोडं." सगळं सांगायचं म्हणजे तिची पुढची दोन घरं चुकली असती.

सामंतसाहेबांनी शिक्षा सुनावली. पंख पूर्ण दुरुस्त होईपर्यंत मी उडायचं नाही, आणि तो दुरुस्त करायला हिराजीच्या हाताखाली बसायचं. बरगड्या त्यानं आणि सुतारानं बसवल्या. कापड चढवून शिवणं माझ्याकडे आलं. पंख कडेवर उभा करतात, आणि दोन बाजूंना दोन माणसं बसतात. एकानं लांब सुई कापडातून आरपार घालायची, पलीकडच्यानं ती ओढून बरगडीच्या दुसऱ्या अंगानं परत पाठवायची, मग गाठ. दोऱ्याला मेण लावलेलं. अशा शेकडो गाठी. हिराजीचे हात जाळी विणण्यात वाढलेले, तो माझ्याशी बोलता बोलता गाठ मारायचा. एकदा म्हणाला, "आमची होरी रेतीला लागली तरी सुकाणू सोरत नाय आमी. मानसा येऊन होरी धरतात, तवा सोरायचा." मला काही विचारलं नव्हतं त्यानं, काही सुचवलंही नव्हतं. पण मी मान खाली घातली.

दुसऱ्या रविवारी शेडच्या दारात आई उभी. काठापदराची पाचवारी, हातात डबा, घामानं कुंकू ओघळलेलं. अंधेरीहून चालत आली होती. तिला या शेडमध्ये पाहून मला वाटलं, आता ही मला हाताला धरून नेणार.

"डबा विसरलीस," ती म्हणाली. डबा माझ्या सायकलला लटकत होता. तिलाही तो दिसत होता.

ती आत आली. उभ्या विमानांकडे तिनं नजरही टाकली नाही. सरळ पंखाशी गेली, पदर खोचला आणि बोटानं एकेक टाका चाचपून बघायला लागली. एका जागी थांबली.

"हे कुणी घातलेत?"

"मी."

"सैल आहेत." तिनं दुसरा दाखवला. "हाही." मग हिराजीकडे वळून, "दादा, हे उसवलं तर चालेल?"

हिराजीनं कात्री पुढे केली आणि स्वतः उठून तिला जागा दिली. "एकेक गाठ मी बगनार हां वैनी." आई म्हणाली, "बघायलाच हवी." आणि ती बसली. मी पलीकडे. मधे तो पंख, वर ताणलेलं पांढरं कापड. आई दिसत नव्हती. मागच्या दारातून येणाऱ्या उजेडात तिची फक्त सावली कापडावर होती, आणि अधूनमधून सुईचं टोक.

बराच वेळ नुसती सुई ये-जा करत होती. मग सुई आली आणि तिच्या मागोमाग आवाज.

"झालं काय नेमकं त्या दिवशी?"

"वारा आडवा होता."

"ते अण्णांना सांगितलंस. मला सांग."

तोंडासमोर असती तर मी पुन्हा वाराच सांगितला असता. पण समोर कापड होतं. मी म्हणाले, "चाकं टेकली आई, आणि मला वाटलं, झालं. मी पाय सोडले. क्षणभरच. तेवढ्यात सगळं हातातून गेलं."

सुई थांबली होती. "हे तुझ्या सरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग." दोरा ओढल्याचा आवाज. "मला आपलं वाटायचं, वर असतेस तोवरच भीती."

"वर काही नसतं आई. वर जागाच जागा असते. भीती खाली येताना."

पुन्हा सुई इकडे, सुई तिकडे. मग ती म्हणाली, "महिनाभर दूध उतू जात होतं ना घरात? अण्णा चेष्टा करायचे. विमानाचा आवाज आला की मी गॅलरीत यायची. ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची. त्यात तू आहेस की दुसरं कुणी, काय कळणार खालून? मी आपली सगळ्यांसाठीच उभी राहायची."

 हातातली सुई परत पाठवायची होती, ते मी विसरले. पलीकडून आईनं कापडावर टकटक केलं. "दे ना गं. दुपार जाईल."

तेवढ्यात सामंतसाहेब आले. आईला बघून थबकले. "या कोण?" हिराजी बिडी विझवत म्हणाला, "नवी फिटर साहेब. तुमच्या-माज्यापेक्षा हात बेस हाय." मी तिथेच उठून उभी राहिले आणि त्यांना सांगून टाकलं, झोत नव्हता, मी पाय सोडले होते.  "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "वाऱ्यानं पाडलं म्हणणाऱ्याला मी परत वर सोडत नसतो."

आई त्यानंतर दोन रविवार आली. तपासनिसानं पंख पास केला. मग कापडावर लाकडाच्या पॉलिशसारखं एक औषध चढवतात, त्याला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. ते वाळलं की कापड असं ताणून बसतं की टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजावं. आईनं टिचकी मारून पाहिली. त्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसलेली मी तेव्हा पाहिली.

चैत्रातल्या एका दुपारी मी पुन्हा एकटी वर गेले. सकाळी येते म्हटलं तर सामंतसाहेबांनी ऐकलं नाही. त्याच वाऱ्यात, त्याच पट्टीवर. चाकं टेकली. नाक वळायला निघालं, मी सरळ आणलं. पुन्हा निघालं, पुन्हा आणलं. दोन्ही पाय एकसारखे चाललेले, मशीनवर बसल्यासारखे. विमान थांबलं तरी मी थांबले नाही. हिराजीनं येऊन पंखाचं टोक धरलं आणि ओरडला, "बाय, धरलाय मी!" तेव्हा कुठे पाय खाली घेतले. पोटऱ्यांमध्ये गोळे आले होते.

मी काही वैमानिक झाले नाही. तेव्हा बायकांना कोण नोकरीवर घेणार होतं? लायसन्स मिळालं, दीड-दोन वर्षं हौस म्हणून उडाले, मग लग्न, मग तीस वर्षं गणित. खंत म्हणावी तर कधीमधी वाटते, या वाऱ्याच्या दिवसांत. पण वैशाख संपता संपता लायसन्स हातात पडलं, तेव्हा त्यावर लिहिलं होतं की मी आता सोबत एक माणूस नेऊ शकते. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मी खालून हात करीन." आईला विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी येते."

पुढच्या जागेत तिला बसवलं. पदर घट्ट खोचलेला, डोक्यावर चामड्याची टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा. सामंतसाहेबांनी वाकून तिला समजावलं, "वहिनी, तुमच्यासमोर पायाशी एक दांडी आहे. ती मागच्या दांडीला जोडलेली असते. शालू मागून चालवेल तशी ही आपोआप हलेल. घाबरू नका, आणि तिला पाय लावू नका."

वर गेलो. मी बोलायच्या नळीतून म्हटलं, "आई, आपलं घर दिसतंय बघ उजवीकडे." नुसती टोपी हलली. समुद्रावरून एक वळसा घेतला आणि उतरायला लागले. वारा रोजच्यासारखा. पट्टीवर टेकल्यावर विमानानं दोनदा-तीनदा जोरात अंग झटकलं, आणि मी पायांनी त्याला सरळ करत करत शेडपर्यंत आणलं. इंजिन बंद केलं. हिराजीनं पंख धरला.

"आई, उतर."

ती हलली नाही. मी घाबरून बाहेर आले, पंखावर चढून तिच्या जागेत डोकावले. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. अनवाणी पाय दांडीवर होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"आई! पाय लावायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं ना?"

"जोर नाही दिला गं. नुसते तळवे टेकवले होते." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "उतरताना केवढी धडपड तुझी! या बाजूनं, त्या बाजूनं, जरा म्हणून उसंत नाही." मग अगदी हळू, हिराजीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "पोटात होतीस ना, तेव्हा दुपारी मी जरा आडवी झाले की अश्शाच लाथा मारायचीस."

आणि तिनं उतरायला माझ्याकडे हात पुढे केला.